चाचणीचं दार

जेलरबाईंची नोकरी होती हल्ले करण्याची. हातोडा घेऊन सरकारी कचेरीत शिरायचं, काउंटरच्या काचेवर घाव घालायचे, कारकुनाची गचांडी धरायची, दारावर लाथा हाणायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला म्हणायचं, “अहो, खांदा पार भरून आलाय, जरा तेल गरम करा.”

त्यांचा विभाग तसा छोटा होता. कंपन्या सुरक्षेचं नवनवं सामान बनवायच्या. न फुटणारी काच, चाकू न शिरणारं जाकीट, टेबलाखालचं धोक्याचं बटण, माणूस ओळखणारा कॅमेरा. सरकारने ते सरसकट विकत घेण्याआधी हा विभाग ते एकेका कचेरीत बसवून बघायचा. कधी कर कार्यालय, कधी कोर्ट, कधी सरकारी दवाखाना. माल अजून पुरता तयार नसायचा. कंपनीचे लोक त्याला ‘बीटा’ म्हणायचे. जेलरबाई म्हणायच्या ‘अर्धकच्चं’. आणि ते कुठे कच्चं आहे हे शोधायला त्या स्वतः हल्लेखोर व्हायच्या. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात जाडजूड जाकीट, आणि माणसांवर चालवायचा असेल तेव्हा रबरी हातोडा. काचेवर मात्र खरा.

‘जेलरबाई’ हे नाव कचेऱ्यांनी ठेवलेलं. जेलर त्या कधीच नव्हत्या. बायकांच्या तुरुंगात साध्या पहारेकरी होत्या. ती नोकरी सुटली एका दंग्याने. दुपारच्या जेवणाच्या वेळी बराकीत ठिणगी पडली आणि बघता बघता सगळा मजला पेटला. मधलं गजांचं दार विजेवर चालायचं. ते आपोआप सरकलं आणि बंद झालं. अलीकडे जेलरबाई, पलीकडे त्यांची जोडीदारीण, जिच्याबरोबर त्या रोज एका डब्यात जेवायच्या. स्टुलांचे पाय उपटून बायका तिच्यावर तुटून पडल्या. जेलरबाई वायरलेसवर ओरडत होत्या, “दार उघडा, दार उघडा,” आणि वरच्या खोलीतला माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता की दंगल चालू असताना दार उघडायचं नसतं, तसा नियम आहे. हाताच्या अंतरावर तिचं डोकं फुटताना त्यांनी पाहिलं. गज ओढता ओढता त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली, ती पुढे कधी सरळ झाली नाहीत.

त्यानंतर बरेच दिवस त्या घरात भांडी आपटत राहिल्या. नवरा शिंपी. सुतासारखा सरळ आणि सुतासारखाच बारीक. तोच एकदा म्हणाला, “अगं, आपटायचंच आहे तर कुठेतरी पगारावर आपट.” तो थट्टेत बोलला, पण त्यांनी ते मनावर घेतलं आणि या विभागात अर्ज केला.

इथे त्यांचं बस्तान चांगलं बसलं. मारायचं कसं हे त्यांना ठाऊक होतं, आणि मार खाल्लेला माणूस कसा वागतो हेही. कंपनीचा माणूस सांगायचा, “बटण इथे आहे, हात सहज पोचतो.” त्या त्याचीच मान टेबलावर दाबून म्हणायच्या, “पोचव बघू.” हात पोचायचा नाही. दुसऱ्या दिवशी बटण हललेलं असायचं.

त्या वर्षी एक नवी यंत्रणा आली. ती बनवणारा इंजिनिअर तरुण होता, भला होता, आणि आपल्या यंत्रणेवर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव होता. कल्पना अशी: बटण दाबलं की कॅमेरे हल्लेखोर शोधतात, तो ज्या खोलीत असेल त्या खोलीची दारं बंद होतात, बाकीची सगळी उघडतात. हल्लेखोर कोंडला जातो, लोक बाहेर पळतात.

“आणि त्याच्याबरोबर आत कोणी असेल तर?” जेलरबाईंनी विचारलं.

“कॅमेरा बघतो ना, ताई. आत दुसरा माणूस दिसला तर दार बंदच होणार नाही.”

“कॅमेऱ्याला कसं कळतं कोण मारतोय आणि कोण मार खातोय?”

“शिकवलंय त्याला.”

“मला आतून एक कडी दे. हाताने उघडणारी.”

इंजिनिअरने मान हलवली. “कडी दिली तर हल्लेखोरही उघडेल. मग यंत्रणेला अर्थ काय राहिला?”

जेलरबाई वर साहेबांकडे गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पुढच्या आवृत्तीत बघू.” साहेबांच्या तोंडी पुढची आवृत्ती म्हणजे उधारीचा उद्या, तो कधी उजाडायचा नाही.

यंत्रणा चार कचेऱ्यांत बसली. कोर्टात, दवाखान्यात, शाळा खात्यात आणि बालकल्याण कार्यालयात. चाचण्या सुरू झाल्या आणि खोटं कशाला बोला, झकास झाल्या. जेलरबाई हातोडा परजत आत शिरायच्या, कुणीतरी बटण दाबायचं, दारं खटाखट बंद व्हायची आणि भिंतीतून एका बाईचा गोड आवाज यायचा, “हल्लेखोर बंदिस्त आहे. कृपया शांत राहा.” काचेपलीकडून लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. जेलरबाई आत पिंजऱ्यातल्या अस्वलासारख्या उभ्या.

बालकल्याण कार्यालयात टाळ्या सगळ्यात जोरात वाजवायचा काउंटरवरचा कारकून. त्याला सगळे हसरा म्हणायचे. कार्यालयाचं काम तसं रडवणारं. ज्या घरात पोरांना मारझोड व्हायची तिथून पोरं काढून दुसरीकडे ठेवायची, आणि मग त्या आईबापांच्या शिव्या खायच्या. हसरा शिव्या खाऊनही हसायचा. जेलरबाई आल्या की हात वर करून म्हणायचा, “मावशी, आज कुठे मारणार? डोक्यात नको, लग्न ठरायचंय.”

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी तिथे दुपारची चाचणी होती. तसं सगळ्यांना कळवलेलं होतं. जेलरबाई काउंटरच्या मागच्या लहान खोलीत तयार होत होत्या. जाकिटाचे बंद आवळले, शिरस्त्राण चढवलं. इंजिनिअर बाहेर व्हरांड्यात लॅपटॉप उघडून बसला होता.

तेवढ्यात दारातून एक माणूस आला. अंगावर चुन्याचे डाग पडलेला सदरा, हातात लाकूड फोडायची छोटी कुऱ्हाड. ती त्याने लपवलीही नव्हती. दारावरच्या रखवालदाराने कुऱ्हाड पाहिली आणि विचारलं, “चाचणीचे का?” माणूस चालतच राहिला. रखवालदाराने बाजूला होऊन वाट दिली.

हसऱ्याने त्याला येताना पाहिलं. तो उठला, काउंटरचं फळकूट उचलून बाहेर आला आणि दोन्ही हात वर केले. “आज मावशींनी भावाला पाठवलं वाटतं,” तो म्हणाला. बाकावर बसलेली एक बाई हसली. मागच्या टेबलावरून कुणीतरी टाळी वाजवली.

“माझी पोरं कुठे ठेवलीत?” माणसाने विचारलं.

“अरे वा, संवादही आहेत,” हसरा म्हणाला.

कुऱ्हाड त्याच्या मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये बसली. ओल्या लाकडात बसावी तसा आवाज झाला. टाळी वाजवणाऱ्याचे हात तसेच राहिले. हसरा गुडघ्यांवर आला, मग काउंटरच्या पायथ्याशी कोसळला, आणि काउंटरच्या काचेवर रक्ताचा फवारा उडाला. तेव्हा कुठे खोलीला कळलं, आणि सगळे एकदम दाराकडे धावले. बाकं उलटली. बाकावरची बाई पडली, तिच्या हातावर पाय देऊन दोघं पळाले, कुणीतरी तिला फरफटत बाहेर नेलं. बाजूच्या खोलीतल्या बाईसाहेबांनी बटण दाबलं.

आरडाओरडा ऐकून जेलरबाई बाहेर आल्या त्या हल्लेखोराच्या वेषातच. शिरस्त्राण, जाकीट, रबरी हातोडा. कॅमेऱ्याने खोलीत पाहिलं. कुऱ्हाड घेतलेला एक माणूस दिसला, आणि हातोडा घेतलेली ती बाई दिसली, जिला गेले कित्येक आठवडे ‘हल्लेखोर’ म्हणून तो शिकला होता. काउंटरच्या पायथ्याशी, कॅमेऱ्याच्या नजरेआड पडलेला हसरा त्याला दिसलाच नाही. खोलीत दोन हल्लेखोर, तिसरं कोणी नाही. दारं खटाखट बंद झाली.

“हल्लेखोर बंदिस्त आहे,” भिंतीतली बाई म्हणाली. “कृपया शांत राहा.”

माणूस वळला. जेलरबाईंकडे बघून त्याने तोच प्रश्न विचारला, “पोरं कुठे आहेत? पत्ता सांग.”

“मला माहीत नाही. ती खाली टाक.”

त्याने घाव घातला. तो छातीवर बसला. जाकीट फाटलं नाही, पण आतल्या बरगड्या कडाड मोडल्या आणि जेलरबाईंचा श्वास गळ्यात अडकला. त्यांनी हातोडा पूर्ण ताकदीने त्याच्या कानशिलावर हाणला. रबर. चेंडूसारखा उसळून परत आला. माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर नवल उमटलं, आणि दुसरा घाव आला तो डाव्या खांद्याच्या खाली, जिथे जाकीट संपायचं तिथे. हाडापर्यंत गेला. हात निखळलेल्या बाहीसारखा लोंबू लागला.

दुखणं मागून येतं हे त्यांना माहीत होतं. तोवर जेवढं उरकेल तेवढं उरकायचं. त्यांनी हातोडा टाकला, उलटलेली खुर्ची उजव्या हाताने उचलली आणि तिचे पाय पुढे करून त्याच्यावर धावल्या. त्याला भिंतीपर्यंत रेटलं. एक पाय त्याच्या पोटात रुतला. तो ओरडला आणि खुर्चीवरूनच कुऱ्हाड फिरवली. ती शिरस्त्राणावरून घसरून बाजूच्या टेबलात घुसली आणि तिथेच अडकली. तो ती उपसायला वळला, तेवढ्यात जेलरबाईंनी खुर्ची सोडून डोकं त्याच्या तोंडावर आपटलं. नाक फुटलं. पुन्हा आपटलं. त्याने त्यांचं मनगट दातांत धरलं आणि तो चावत राहिला, कुत्र्यासारखा, डोळे मिटून. त्यांनी बुटाची टाच त्याच्या गुडघ्यावर घातली, एकदा, आणि तो मोडल्याचं कळूनही पुन्हा. तो खाली गेला. त्याच्या छातीवर बसून त्यांनी शिरस्त्राण काढलं आणि तेच त्याच्या तोंडात हाणायला सुरुवात केली. दात तुटले. तरी त्या थांबल्या नाहीत. थांबावंसं वाटत नव्हतं. तुरुंगाच्या गजांपलीकडे पोचलेच नव्हते ते सगळे ठोसे आता हाताशी होते.

“कृपया शांत राहा,” भिंतीतली बाई म्हणत होती.

मग काउंटरखालून घशात पाणी खळखळावं तसा आवाज आला, आणि त्यांचा हात थांबला.

हसरा जिवंत होता. जेलरबाई सरपटत त्याच्यापाशी गेल्या. चांगला हात जखमेवर दाबला, हाताने भागेना म्हणून त्यावर अंगाचा भार टाकला. त्याने डोळे उघडले.

“मावशी,” तो म्हणाला, “हे खरं आहे?”

“हो रे. गप्प पडून राहा. डॉक्टर येतायत.”

काचेपलीकडे लोक होते. रखवालदार आग विझवायचा लोखंडी सिलिंडर उचलून काचेवर घाव घालत होता. काच नुसती घुमत होती. ती काच जेलरबाईंनीच पास केली होती. मोठा हातोडा घेऊन घाम गळेस्तोवर ठोकली होती आणि खाली सही केली होती, ‘फुटत नाही’. इंजिनिअर जमिनीवर बसून लॅपटॉप बडवत होता. आत दोन हल्लेखोर असताना दार उघडायला यंत्रणा वरिष्ठांची परवानगी मागत होती, आणि वरिष्ठ कुठल्यातरी बैठकीत होते.

मागे पडलेला माणूस हळूच म्हणाला, “माझा पाय दुखतोय.” फुटक्या तोंडाने, तक्रार केल्यासारखं. जेलरबाईंनी वळून पाहिलं नाही. त्यांच्या तळव्याखाली काहीतरी धडधडत होतं, ते मंदावत गेलं, मग थांबलं. तरी त्यांनी हात काढला नाही. दार उघडलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

चौकशी झाली. कंपनीने सांगितलं, यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली, हल्लेखोर खोलीबाहेर जाऊ शकला नाही. साहेबांनी सांगितलं, नुकसान एका खोलीपुरतं राहिलं, नाहीतर आणखी माणसं गेली असती. हे खरंही असेल. जेलरबाई हात गळ्यात अडकवून समोर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाकीच्या तीन कचेऱ्यांतली दारं काढा.”

“बाई, भावनेच्या भरात बोलू नका. कॅमेऱ्यात सुधारणा होते आहे.”

“कोर्टात आज माणसं आहेत. दवाखान्यात आज माणसं आहेत.”

“पुढच्या आवृत्तीत आतून कडी देणार आहोत,” साहेब म्हणाले. “तुमचीच सूचना आहे ती.”

तिथून त्या हसऱ्याच्या बहिणीकडे गेल्या. त्याला तेवढीच एक होती. तिने पाणी दिलं आणि विचारलं, “शेवटी काही बोलला का?”

“ताईची काळजी घ्या म्हणाला,” जेलरबाई म्हणाल्या. बहिणीने रिकामा पेला उचलला. “मला तो ताई म्हणायचा नाही,” ती म्हणाली. “पण असू दे.”

घरी येऊन त्यांनी पलंगाखालून पहार आणि घण काढला. एका हाताने दोन्ही उचलवेनात. शिंप्याने डोळ्यावरचा चष्मा कपाळावर सरकवला, सुई गादीत खोचली आणि म्हणाला, “कुठे जायचंय?”

“तुम्ही नका येऊ. नोकरी माझी जाईल, तुरुंगातही मीच जाईन.”

“घण कोण उचलणार?” असं म्हणून त्याने चपला घातल्या.

आधी ते दवाखान्यात गेले. दारावरच्या माणसाने जेलरबाईंना ओळखलं आणि चाचणी समजून सलाम केला. जेलरबाईंनी पहार कुलपाच्या फटीत धरली आणि शिंप्याने घण हाणला. पहिला घाव चुकला आणि भिंतीचा टवका उडाला. दुसरा लागला. जन्मात मुंगी न मारलेला तो माणूस दात ओठ खाऊन घाव घालत सुटला, घामाने निथळला, आणि दाराचं लोखंडी यंत्र भिंतीतून आतड्यासारखं बाहेर आलं. नर्सा बघत उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, “हे कसलं उपकरण तपासताय?” शिंपी धापा टाकत म्हणाला, “ही, माझी बायको.”

कोर्टात तिसऱ्या दारापर्यंत त्यांना कुणी अडवलं नाही. तिसऱ्याला पोलिसांनी धरलं. झटापटीत शिंप्याच्या ओठाला लागलं, आणि जेलरबाईंनी दुखरा हात विसरून शिपायाच्या हनुवटीवर कोपर घातलं. त्यामुळे गुन्ह्यात एक कलम वाढलं. दोघांना बाकावर बसवून ठेवलं असताना ठाण्यात निरोप आला. शाळा खात्यातली दारं इंजिनिअरने स्वतः जाऊन उतरवली होती. पेचकस घेऊन, एकटा, सकाळपासून. त्याने तिथल्या अधिकाऱ्यांना फक्त एवढंच सांगितलं की ही वापरू नका, ही मी बनवलीत.

नोकरी गेलीच. खटला त्याच कोर्टात चालला, फुटलेल्या दारांच्या खोलीशेजारी, आणि समज देऊन सुटका झाली. शिपायाच्या हनुवटीबद्दल मात्र लेखी माफी द्यावी लागली. ती शिंप्याने लिहिली, कारण जेलरबाई लिहायला तयार नव्हत्या. यंत्रणा तांत्रिक कारणास्तव मागे घेतली असं सरकारने कळवलं. कुऱ्हाडवाल्याला जन्मठेप झाली. निकालाच्या दिवशीही तो पोरांचा पत्ता विचारत होता. जेलरबाई साक्षीला आल्या होत्या. त्याची वाकडी झालेली चाल आणि बोळकं तोंड बघून त्यांना वाईट वाटेल असं शिंप्याला वाटलं होतं. त्यांना वाईट वाटलं नाही. परत जाताना त्या एवढंच म्हणाल्या, “पोरं वाचली.”

आता त्या घरी असतात. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. सकाळी शिंपी त्यांच्या मागे बसून वेणी घालतो. उभ्या आयुष्यात त्याने हजार सदरे शिवले, पण वेणी काही त्याला नीट जमत नाही.

“किती आवळता, अहो. कापड आहे का हे?”

“कापड गप्प बसतं,” तो म्हणतो, आणि गाठ सोडून पुन्हा सुरुवात करतो.